काकाजी, शुद्ध बोलू नका

काटोलकडचे एक शेतकरी नागपूरच्या बर्डीवर चष्म्याची काडी बदलायला आले होते. सत्तरी ओलांडलेली, अंगात पांढरा सदरा, हातात कापडी थैली. झाशी राणी चौकाजवळ चहा घेता घेता माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीशी त्यांची ओळख निघाली. तिने आपला फोन त्यांच्यापुढे धरला. बोललेले ऐकून मराठीत लिहून देणारी सोय त्यात होती. "काकाजी, घरी बोलता तसंच बोला, काही बदलू नका," ती म्हणाली.

काकाजी बोलले, "आमच्या वावरात धुऱ्याजवळच्या पऱ्हाटीवर लाल्या आला. पानं लालभडक होऊन राहिली. काय फवारू, सांग मले."

फोनला वावर कळले. धुऱ्याचा मात्र धूर झाला, पऱ्हाटीचा पराठा झाला आणि लाल्याची लाली. दोघेही हसले. काकाजींनी पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. पुन्हा पराठाच. तिसऱ्या खेपेला ते हसले नाहीत. घसा साफ केला, सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि म्हणाले, "थांब बाई, मी शुद्ध बोलतो." मग शाळेत उभे राहून धडा वाचावा तसे, एकेक शब्द सुटा करत: "माझ्या शेतातील कपाशीच्या झाडांची पाने लाल पडली आहेत."

हे वाक्य फोनने एकही चूक न करता लिहिले.

मी ते पुन्हा पुन्हा वाचले. त्यात धुरा नव्हता. रोग वावराच्या कडेला आहे की मधोमध, हे गळून गेले होते. त्यात लाल्याही नव्हता. 'पाने लाल पडली' हे नुसते लक्षण आहे. 'लाल्या' हे जन्मभर कापूस पिकवलेल्या माणसाने स्वतः केलेले निदान आहे. शुद्ध बोलण्याच्या नादात काकाजींनी आपली अर्धी जाण वाक्याबाहेर ठेवली, आणि तसे केल्यावरच त्यांचे ऐकले गेले.

त्या गळलेल्या दोन शब्दांसाठी हे आवाहन लिहिते आहे. मी तीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवली. किती मुलांना 'मले' खोडून 'मला' लिहायला लावले, त्याचा हिशेब माझ्यापाशी नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते बरोबरच होते. पण आता ज्या यंत्रांशी आपल्याला रोज बोलावे लागणार आहे, त्यांनीही तसेच खोडायला सुरुवात केली तर वऱ्हाडी, नागपुरी, झाडी या बोली घराच्या उंबऱ्याबाहेर पडणार नाहीत. दोन पिढ्यांनी त्या घरातही उरणार नाहीत.

यंत्राला आपल्याशी वैर नाही. त्याने आपल्याला ऐकलेलेच नाही. जनरेटिव्ह एआय माणसांनी लिहिलेल्या आणि बोललेल्या मजकुराच्या ढिगावर शिकते. पुढे जे ठेवले तेवढेच त्याला येते. २०२४ साली मेटा कंपनीने आपले लामा ३ हे मॉडेल १५ लाख कोटींहून अधिक टोकनांवर, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांवर, शिकवल्याचे जाहीर केले. त्यातला बहुतेक भाग इंग्रजीचा. आपल्याकडे पुण्याच्या एल थ्री क्यूब या गटाने मराठीसाठी महाकॉर्पस नावाचा संग्रह उभा केला: २ कोटी ४८ लाख वाक्ये, २८ कोटी ९० लाख टोकन. मराठीच्या मानाने हे फार मोलाचे काम आहे, आणि ते त्यांनी सर्वांसाठी खुले ठेवले. तरी दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर पन्नास हजारांत एक एवढेही प्रमाण भरत नाही. शिवाय त्या मराठीतही मोठा वाटा बातम्यांचा आहे. बातमीत कपाशी येते, पऱ्हाटी क्वचित येते.

आवाजाची गोष्ट याहून नाजूक. पोळ्याचा सण घ्या. वऱ्हाडात तो पोया होतो, वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीपट्टीत पोरा. डोळ्याचा इकडे डोया, तिकडे डोरा. 'ळ' एकाच विदर्भात तीन रूपे घेतो आणि आपला कान ती तिन्ही विनासायास ओळखतो, कारण तो लहानपणापासून लग्नात, बाजारात, एसटीत हे ऐकत आला आहे. यंत्राला ही सवय लावायची तर त्याला शेकडो लोकांचे शेकडो तास ऐकवावे लागतात. नुसते ऐकवून भागत नाही. प्रत्येक वाक्यासमोर ते जसे उच्चारले तसे लिहून ठेवावे लागते. आवाज आणि त्याचे अक्षर यांची जोडी लागते. अशा जोड्यांचा नीट मांडलेला, तपासलेला संग्रह म्हणजे डेटासेट. हे काम हाताने होते. एका तासाच्या मोकळ्या बोलण्याचे ट्रान्सक्रिप्शन करायला आम्हाला सात-आठ तास लागतात. बोलणारी आजी मध्येच सुनेला हाक मारत असेल आणि मागे कूलर सुरू असेल तर त्याहूनही जास्त.

आणि प्रश्न नुसता ऐकण्याचा नाही. यातल्या एखाद्या चॅटबॉटला वऱ्हाडीत चार ओळी लिहायला सांगा. दर वाक्याला 'बे' घालून तो एक विनोदी पात्र उभे करतो. नेटवर वऱ्हाडी म्हणून जे सापडते त्यात प्रहसनेच जास्त, मग यंत्राने तरी दुसरे काय शिकावे? उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग'मध्ये याच बोलीत कौतिकचे अख्खे आयुष्य, तिची गरिबी, तिचा संताप, तिचे एकटेपण उभे केले. ज्या बोलीत एवढे दुःख मावते ती बोली यंत्राला फक्त हसवण्यापुरती ठाऊक असावी, हे मला सहन होत नाही.

हे सारे हौशी भाषाप्रेम मानले तर त्याला वेळ आहे, असे कोणी म्हणेल. वेळ नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. शेतकऱ्याच्या प्रश्नाला मराठीत उत्तर देणारी यंत्रे त्यातून येणार आहेत. नागपुरात पोलिसांसाठी मार्व्हल ही राज्य सरकारची एआय कंपनी २०२४ पासून उभी आहे, आणि नागपूरच्या २३ पोलीस ठाण्यांत तपासाला मदत करणारी महाक्राइम ओएस ही प्रणाली आली आहे. चांगली गोष्ट आहे. पण उद्या भिवापूरची एखादी बाई तक्रार सांगताना जे बोलेल ते यंत्राने ऐकून लिहायचे ठरले, तर तिच्या तोंडचा शब्द कागदावर जसाच्या तसा उतरेल की तिलाही गळ्यातला हुंदका आवरून 'मी शुद्ध बोलते' म्हणावे लागेल? तक्रारीत एक शब्द बदलला की अर्थ बदलतो, हे कोर्टात गेलेल्या कोणालाही विचारा.

नोंदीतला एक शब्द काय करू शकतो, हे बर्डीला कोणी शिकवायला नको. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी इथेच, हिवाळी अधिवेशनावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. बहुतेक बाया आणि लेकरे. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' अशी नोंद होती. त्या नोंदीत आपण येतो की नाही, एवढा त्यांचा प्रश्न होता. पुढे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्या कायद्याच्या बाजूत मी शिरत नाही. पण आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपुलाखालून जाताना दर वेळी मनात येते, कोणीतरी कधीतरी दोन शब्द यादीत लिहिले, आणि ते लिहिताना त्या माणसांना विचारले होते का? आज नव्या याद्या लिहिल्या जात आहेत. कोणाचा आवाज 'मराठी' म्हणून धरायचा आणि कोणाचा वगळायचा, हे हार्ड डिस्कवरच्या फोल्डरांत ठरते आहे. या वेळी आपण आधीच तिथे हजर असले पाहिजे.

संग्रह करणे ही आपल्याला नवी विद्या नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस, इथून फार लांब नाही अशा रिद्धपुरात, म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी जे प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो फरकही परंपरेने जपला. पुढे मूळ प्रत धाडीत गेली आणि लोकांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, म्हणून लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ आहेत. कोणी सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले, कुठे दुमत आहे: आजच्या चांगल्या डेटासेटकडून याहून वेगळे काय मागतात? मराठीचे पहिले मोठे गद्य अशा संग्रहातूनच जन्मले.

दुसरे उदाहरण नागपूरचेच, पण त्यात एक काटा आहे. स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी १८४५ मध्ये इथे आला. त्याने गोंडांच्या लिंगोची गाथा एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली. १८६३ साली टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. ते कागद वाचले म्हणून गाथेचा तो पाठ वाचला, याबद्दल कृतज्ञताच आहे. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नावे आहेत ती हिस्लॉप आणि टेंपल यांची. ज्याच्या गळ्यात ती गाथा होती त्या परधानाचे नाव तिथे नाही. याच्या उलट हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचे जे काम केले ते पाहा. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावे, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव. मला विदर्भासाठी हवे आहे ते हे दुसऱ्या जातीचे काम. आवाज घ्यायचा तर नावासकट, मानासकट आणि मोबदल्यासकट.

आता पैशांबद्दल. निधी नाही, अशी आपली समजूत आहे. निधी आहे. २०२२ साली केंद्राने भाषिणी सुरू केली. त्याच वर्षी आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत केंद्राला नीलेकणींच्या संस्थेकडून ३६ कोटी मिळाले. त्या केंद्राने २०२४ मध्ये इंडिकव्हॉइसेस नावाचा संग्रह खुला केला: २२ भाषा, १४५ जिल्हे, १६,२३७ बोलणारी माणसे, ७,३४८ तास. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश बोलणे कागदावरून वाचलेले नसून आपल्या मनाने बोललेले आहे, ही मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. बंगळुरूच्या आयआयएससीत गेट्स फाउंडेशनच्या मदतीने रेस्पिन प्रकल्प झाला, नऊ भाषांच्या बोलींवर, शेती आणि पैशांचे व्यवहार हे विषय धरून. मराठी त्या नवांत आहे. तिथेच गूगलच्या पैशाने 'वाणी' प्रकल्प देशाच्या ७७३ जिल्ह्यांतून आवाज गोळा करण्याचे उद्दिष्ट घेऊन चालू झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर महाराष्ट्रभर हिंडून बोलींचे सर्वेक्षण केले. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडियाएआय मिशनची रक्कम १०,३७२ कोटींच्या घरात आहे आणि डेटासेट हा तिच्या कामांतला एक भाग आहे.

या यादीत बंगळुरू आहे, चेन्नई आहे, पुणे आहे. नागपूरहून उठलेला, नागपूरने चालवलेला प्रकल्प नाही. आपली माणसे या संग्रहांत बोलणारी म्हणून आली असतील. काय विचारायचे, कोणाला विचारायचे आणि जमलेले कुठे ठेवायचे, हे ठरवणारी म्हणून आली नाहीत.

गोंडीच्या बाबतीत तर हे फारच बोचते. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख. आठव्या अनुसूचीत गोंडी नाही, म्हणून २२ भाषांचे जे जे प्रकल्प निघतात त्यांत ती बसत नाही. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत मोतीरावण कंगालींनी गोंडीचा अभ्यास आणि कोशकार्य केले. ते २०१५ मध्ये गेले. मसराम गोंडी लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली, गुंजाला गोंडी २०१८ साली. दोन लिप्यांना संगणकात जागा मिळाली, पण त्या भरायला मजकूर कुठे आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये आदिवासी मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन काढले. गोंडी त्यात आहे, आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखाली ते झाले, आणि झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, मेघालय या राज्यांच्या आदिवासी संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. महाराष्ट्राचे नाव त्या यादीत नाही. गडचिरोलीची, यवतमाळची गोंडी छत्तीसगडच्या गोंडीपेक्षा वेगळी आहे. एटापल्लीच्या आजीशी यंत्र उद्या बस्तरच्या गोंडीत बोलेल आणि ती मान हलवून उठून जाईल.

हे असे का होते, याचे एक उत्तर मला माझ्या अनुभवातून देता येईल. इथल्या संगणकशास्त्राच्या मुलांना मॉडेल शिकवता येते, पण 'डवरणी' आणि 'वखरणी' यांत फरक काय ते विचारायला त्यांच्याजवळ कोणी नसते. मराठीच्या प्राध्यापकांना तो फरक ठाऊक असतो, पण ध्वनिफीत कोणत्या रूपात साठवावी, बोलणाऱ्याची संमती कशी नोंदवावी, प्रपोजलमध्ये बजेट कसे मांडावे, याची भीती वाटते. दोघांच्या इमारती एकमेकींपासून दहा मिनिटांवर असतात आणि दोघांची भेट होत नाही. निधीची जाहिरात येते, तारीख निघून जाते.

आणि निधी मिळाला तरी काम टिकेलच असे नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका छोट्या प्रकल्पात मी ट्रान्सक्रिप्शन तपासत होते. उमरेड, कुही, मौदा इकडच्या म्हाताऱ्या बायांचे बोलणे होते: भुलाबाईची गाणी, लग्नातले रुसवेफुगवे, दुष्काळात काय खाल्ले त्याच्या आठवणी. मुदत संपली, उपयोगिता प्रमाणपत्र गेले, खोली रिकामी झाली. हार्ड डिस्क कपाटात राहिली. दीड वर्षाने लावून पाहिली तर सुरूच झाली नाही. दुसरी प्रत कोणी काढली नव्हती. त्या बायांपैकी दोघी तोवर गेल्या होत्या. त्यातल्या एकीच्या मुलाने मला आईचा आवाज मागितला होता. मी त्याला अजून तोंड दाखवलेले नाही.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. राज्याच्या महाअ‍ॅग्री-एआय धोरणाच्या ५०० कोटींतून बोलींच्या डेटासेटसाठी ठरावीक वाटा राखून ठेवा, आणि तो छोट्या अनुदानांच्या रूपाने द्या. मोठ्या संस्थेला एकरकमी कोट्यवधी देण्यापेक्षा तालुक्याच्या कॉलेजला, गावच्या वाचनालयाला, बचत गटाला काही लाख द्या. अनुदान घेणाऱ्याने दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात, प्रकल्प संपल्यावर पुढची दहा वर्षे त्या कोण सांभाळणार ते आधीच लिहून द्यावे, आणि बोलणाऱ्याला मोबदला द्यावा, अशा तीन अटी घाला. कार्या नावाची संस्था अशा कामाला तासाला सुमारे ५ डॉलर देते. म्हणजे चालते.

किती मोठे काम आहे हे? घाबरण्याएवढे नाही. कार्याची सुरुवात ज्या संशोधनातून झाली त्यात मराठीचाच एक प्रयोग होता. खेड्यापाड्यांतल्या आणि शहरांतल्या गरीब लोकांकडून साध्या फोनवर मराठी वाक्ये बोलून घेतली. ३६ माणसे, १०९ तास. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झाले. विदर्भात ११ जिल्हे. प्रत्येक जिल्ह्यात ३६ माणसे धरा. ३९६ जण, आणि त्याच हिशेबाने जवळजवळ १,२०० तास. एका मोठ्या लग्नाच्या पंगतीला याहून जास्त पाने मांडतो आपण.

न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांनी तर याहून झपाट्याने केले. 'ते हिकू मीडिया' या त्यांच्या लहानशा रेडिओ संस्थेने २०१८ मध्ये लोकांना हाक दिली. दहा दिवसांत सुमारे अडीच हजार माणसांनी तीनशे तासांहून अधिक बोलून दिले. त्यातून त्यांनी स्वतःचे यंत्र शिकवले आणि तो संग्रह मोठ्या कंपन्यांच्या हवाली करायला नकार दिला. वापरायचा तर माओरींच्या भल्यासाठी, ही अट त्यांनी परवान्यातच लिहिली. 'आमचा आवाज फुकट नेऊन कंपन्या पैसे कमावतील' अशी शंका मला व्याख्यानानंतर हमखास विचारतात. शंका रास्त आहे. तिचे उत्तर गप्प बसणे नव्हे. संग्रह आपण केला तरच अटी आपण घालू शकतो. दुसऱ्याने केला की आपल्याला फक्त सही करायची असते.

दुसरी मागणी विद्यापीठांकडे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ, गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ, रिद्धपूरचे नवे मराठी भाषा विद्यापीठ, आणि व्हीएनआयटी व ट्रिपल आयटी: यांनी मिळून एकच प्रपोजल लिहावे. वऱ्हाडी, नागपुरी, झाडी, हळबी, गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू. वर्षभरात पहिला खुला संग्रह. झाडीबोलीचा शब्दकोश डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी करून ठेवला आहे. दंडारीची, खडी गंमतीची मंडळे अजून उभी राहतात. शून्यातून सुरुवात करायची नाही. आदि वाणीच्या पुढच्या फेरीत महाराष्ट्राच्या आदिवासी संशोधन संस्थेने आपली माणसे घेऊन जावे, आणि त्यांत भामरागडची, केळापूरची, धारणीची माणसे असावीत.

तिसरी मागणी बर्डीकडे. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून या प्रदेशाची मराठी सांभाळतो आहे, आणि झाशी राणी चौकातले त्याचे संकुल सगळ्यांना माहीत आहे. त्या संघाला माझी हात जोडून विनंती आहे: एक खोली द्या. जाड पडदे, दोन चांगले माइक, एक संगणक, बसायला सतरंजी. आठवड्यातून एक दिवस तिथे कोणीही यावे आणि आपल्या बोलीत तासभर बोलावे. बर्डीच का? कारण अख्ख्या विदर्भाला बर्डीचा रस्ता पाठ आहे. लग्नाचा बस्ता, शाळेची पुस्तके, दवाखाना, कोर्ट, काहीही निघाले तरी माणूस बर्डीवर येतो. दोन मेट्रो मार्ग इथे एकमेकांना छेदतात. सावनेरचा, रामटेकचा, हिंगण्याचा माणूस एका दुपारी एका फुटपाथवर खांद्याला खांदा लावून चालतो. एवढ्या बोली एका ठिकाणी स्वतःच्या पायांनी येतात असे दुसरे ठिकाण मला दाखवा.

काही मित्र म्हणतात, यंत्र आता स्वतःच वाक्ये तयार करते, त्यालाच वऱ्हाडी वाक्ये रचू द्या, माणसे कशाला गोळा करता? ज्याला पऱ्हाटी आणि पराठा यांतला फरक कळत नाही त्याने रचलेल्या वऱ्हाडीवर दुसरे यंत्र शिकवले, तर त्या दुसऱ्यालाही पराठाच येईल, फक्त अधिक आत्मविश्वासाने. आधी खरी माणसे हवीत.

आणि ती माणसे थांबणार नाहीत. ज्यांनी मोटेचे पाणी ओढताना गाणी म्हटली, ज्यांच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या आहेत, ज्यांना बियाण्याच्या जुन्या वाणांची नावे येतात, ते सगळे आज सत्तरीच्या पुढे आहेत. घरोघरी कॅसेटी पडल्या आहेत: आजोबांचे कीर्तन, आत्याच्या लग्नातली गाणी, गावच्या दंडारीची रात्र. नागपूरच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. कॅसेट प्लेअर दुरुस्त करणारे हात कमी झाले आहेत. बुरशी दिसली तर ती कॅसेट घरी वाजवून पाहू नका, टेप फाटते. कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, वर नाव आणि साल लिहा, आणि जवळच्या कॉलेजच्या मराठी विभागाला कळवा. तिथल्या प्राध्यापकांना माझे सांगणे आहे, तो डबा परत पाठवू नका.

भाषिणीवर 'भाषादान' म्हणून सोय आहे. तिथे मराठीत वाक्ये बोलून देता येतात, दुसऱ्यांची तपासता येतात. कॉलेजच्या मुलांनो, दिवसाला दहा मिनिटे द्या. आणि बोलताना घरचा सूर लपवू नका. पडद्यावरचे वाक्य प्रमाण मराठीतले असेल, पण ते गोंदियाच्या गळ्यातून आले आहे हे यंत्राला कळू द्या.

बाकीच्यांनी सरकारची, विद्यापीठाची, संघाची वाट पाहू नये. आज रात्री जेवणे झाल्यावर आईजवळ, आजीजवळ बसा. पंखा, टीव्ही बंद करा. फोन वीतभर अंतरावर उशीवर ठेवा. सुरुवातीला तिला स्वतःचे नाव, गाव, तारीख आणि 'हे मी माझ्या मर्जीने बोलून राहिली' एवढे म्हणू द्या. मग विचारा, तुमच्या गावात पोयाच्या दिवशी बैल कोणत्या वाटेने निघत, आणि पहिला बैल कोणाचा असे. ती म्हणेल, शुद्ध बोलू का? नको म्हणा. नंतर मध्ये बोलू नका.